ड तुकडीतली हुशार मुलं

गेमिंगचं सगळ्यात महाग कार्ड घेणाऱ्यालाही अख्खी चिप मिळत नाही, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. असं वाटणं काही चांगल्या माणसाचं लक्षण नव्हे, पण वाटलं खरं.

२०२२ च्या ऑक्टोबरात एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० बाजारात आलं. किंमत १५९९ डॉलर. आकार असा की ते कॉम्प्युटरमध्ये बसवायचं की कॉम्प्युटर त्याच्याभोवती बांधायचा, असा प्रश्न पडावा. त्याच्या पोटातल्या चिपचं नाव एडी१०२. लांबी-रुंदी जेमतेम अडीच-अडीच सेंटीमीटर, आणि तेवढ्या जागेत ७६३० कोटी ट्रान्झिस्टर. या चिपमध्ये एकूण १४४ विभाग आहेत. पैकी ४०९० मध्ये चालू किती? १२८. उरलेले सोळा गेले कुठे? कुठेही नाही. तुम्ही पैसे मोजून त्यांनाही घरी आणलेलं आहे. ते बसलेत तिथेच, फक्त काम करत नाहीत.

ज्यांना हे सोळा फार खुपतात त्यांच्यासाठी कंपनीने त्याच चिपचं आरटीएक्स ६००० एडा हे कचेरीकामाचं कार्ड काढलं. किंमत ६८०० डॉलर, चालू विभाग १४२. म्हणजे चौपटीहून जास्त पैसे ओतले तरी दोन कमीच. पूर्ण १४४ विभाग चालू असलेली चिप मी तरी कुठल्या खोक्यावर छापलेली पाहिली नाही.

यामागे आधी निसर्गाचा हात आहे, कंपनीचा नंतर. या चिपा तैवानात टीएसएमसीच्या कारखान्यात बनतात. तीनशे मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती घ्यायची, तिच्यावर चिपा छापायच्या, मग कापून सुट्या करायच्या. एडी१०२ सारखी थोराड चिप असेल तर एका चकतीवर नव्वदच्या आसपास मावतात. कारखान्यातली हवा सतत गाळलेली, माणसं नखशिखांत गुंडाळलेली, तरीही कुठे एखादा कण पडतो, कुठे एखादी रेघ चुकते. चिपा लहान असतील तर असा दोष एखादीच्या नशिबी येतो आणि बाकीच्या सुटतात. मोठ्या असल्या की पुष्कळजणींच्या अंगणात काही ना काही पडतंच.

आता एका कणापायी ७६३० कोटी ट्रान्झिस्टर केरात टाकायचे, तर कंपनी दिवाळं काढेल. ग्राफिक्स चिपचं त्यातल्या त्यात बरं असतं, कारण तिच्यात सारखेच विभाग पुन्हा पुन्हा छापलेले असतात. एक बिघडला तर चिपच्या अंगातच असलेला बारीकसा फ्यूज जाळायचा आणि त्या विभागाचं दार कायमचं बंद करायचं. एक-दोन बंद असतील तर ती चिप महागड्या कार्डात, दहा-पंधरा बंद असतील तर स्वस्तातल्या. धंद्यात याला बिनिंग म्हणतात. आमच्या शाळेत याला तुकड्या पाडणं म्हणत. निकाल लागला की अ, ब, क, ड. पाव गुणाने घसरलेला ब मध्ये, त्रैराशिकात अडकलेला क मध्ये, आणि ज्याचा हात मोडला म्हणून पेपर अर्धाच सुटला तो ड मध्ये.

इथवर सगळं न्यायाचं आहे. पुढच्या वर्षी घोळ होतो. कारखान्याचा हात बसतो, दोष घटतात, आणि सगळीच पोरं फर्स्ट क्लासात पास व्हायला लागतात. आता हेडमास्तर पेढे वाटतील असं तुम्हाला वाटेल. छे! ड तुकडीचे बाक रिकामे पडलेत आणि त्या तुकडीची फी खिशात घेऊन पालक फाटकाबाहेर उभे आहेत, त्यांना परत कसं पाठवायचं? मग हेडमास्तर वरच्या तुकडीतली चार धडधाकट पोरं उचलतात, त्यांचे उजवे हात पाठीशी बांधतात आणि त्यांना ड मध्ये नेऊन बसवतात. दरपत्रक आधी छापून झालेलं असतं. कमी पडतील ते दोष नंतर कारखान्यातून पुरवले जातात.

ही विद्या ग्राफिक्सवाल्यांनी शोधलेली नाही, त्यांच्या थोरल्यांनी शिकवली. १९९१ मध्ये इंटेलने ४८६एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. सुरुवातीचे एसएक्स म्हणजे महागडे ४८६डीएक्सच, फक्त अपूर्णांकांची गणितं झपाट्याने करणारा भाग बंद केलेला. पुढे-मागे कुणाला ती गणितं करायची हुक्की आलीच, तर ४८७एसएक्स नावाची जोडचिप वेगळी विकत मिळे. गिऱ्हाईक ती आणून बाजूच्या सॉकेटात बसवी. वास्तविक ती जोड वगैरे नव्हतीच, पायांची थोडी फिरवाफिरव केलेला तो संपूर्ण ४८६डीएक्स होता. आत शिरला की तो पहिल्याला झोपवी आणि सगळं काम एकटा करी. घरात आता दोन-दोन प्रोसेसर आहेत म्हणून मालक शेजाऱ्यांना सांगत सुटे.

२००६ च्या प्लेस्टेशन ३ मधल्या सेल चिपमध्ये मदतनीस विभाग आठ बनवत आणि सातच वापरत, आठवा बिघडण्यासाठी राखीव. ॲपलने २०२० मध्ये एम१ चिपचा स्वस्त मॅकबुक एअर काढला, त्यात ग्राफिक्सचे कोअर आठऐवजी सात. त्याला कमी प्रतीचं म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. 'सात' हा आकडाच तिथे असा काही छापला होता की आठवाल्याला आपण एक उगाच जास्त घेतला की काय असं वाटावं.

खरा गोंधळ बघायचा तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जावं. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे जुन्याच नावाने ओळखतात. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. कार्ड 'प्रोजेक्टसाठी' हवं होतं. प्रोजेक्टचं नाव आणि त्याच्या कॉम्प्युटरवरल्या गेमचं नाव एकच निघालं हा योगायोग. दुकान म्हणजे दोन माणसं आडवी उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरून बोलावं एवढं. शेठनी मागच्या फळीवरून ४०७० सुपरचं खोकं काढून काचेवर ठेवलं.

"काका, यात छप्पन्न आहेत ना?" भाच्याने विचारलं.

"छप्पन्न काय ते मला माहीत नाही. वॉरंटी तीन वर्षं."

भाचा माझ्याकडे वळला. "मामा, चिप साठ विभागांची असते. साध्या ४०७० मध्ये सेहेचाळीस चालू, म्हणजे चौदा बंद. यात चारच बंद."

काय चालू आहे यापेक्षा काय बंद आहे यावर वस्तू पसंत करणारी ही पहिलीच पिढी असावी. मी आपलं व्यवहारी बोललो, "अरे, मग साठच्या साठ चालू असलेलं घे की."

"ते ४०७० टीआय. ते आता कोण घेतो? टीआय सुपर आलंय ना."

"म्हणजे त्यात साठहून जास्त?"

"सहासष्ट. पण ती चिपच वेगळी, ऐंशीची. ४०८० सुपरमध्ये ऐंशीच्या ऐंशी चालू, ४०८० मध्ये शहात्तर आणि टीआय सुपरमध्ये सहासष्ट."

"म्हणजे पुन्हा चौदा बंद."

"हो, पण मोठ्या चिपमधले चौदा बंद, मामा!" त्याचा चेहरा असा झाला होता की हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी पुढे काय बोलणार. शेठ तोवर बिल फाडायला लागले होते. त्यांना फरक कळत नव्हता आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नव्हतं.

पण या पोरांना बंद विभागांचं एवढं वेड का, ते समजून घ्यायचं तर त्यांच्या थोरल्या भावांचा सुवर्णकाळ बघावा लागतो. २००२ मध्ये एटीआय कंपनीने रेडिऑन ९५०० आणलं. चिप महागड्या ९७०० चीच, आठ पाइपलाइनींपैकी चार बंद. पण हे बंद करणं इतकं वरवरचं होतं की ड्रायव्हरमध्ये थोडी कारागिरी केली की चारही उठून कामाला लागत. अट एकच, कार्डावरच्या मेमरी चिपा इंग्रजी एल अक्षराच्या आकारात मांडलेल्या हव्यात. तशी मांडणी म्हणजे पाटीही ९७०० चीच. झालं! लोक दुकानात जाऊन, खोकं न फोडता, आतला एल हुडकायला लागले. खोकं तिरकं धर, फटीतून बघ, विक्रेत्याला मस्का लाव. आणि एवढं करून कार्ड घरी आणावं तर काहींच्या नशिबी खरोखरचीच बिघडलेली चिप आलेली असे. मग उघडलेल्या पाइपलाइनी पडद्यावर सगळीकडे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन काढून ठेवत. मुलगा ड मध्ये बसवलेला की ड मधलाच, याचा निकाल असा चौकोनी लागे.

२०१० च्या डिसेंबरात एएमडीने त्याहून गंमत केली. रेडिऑन एचडी ६९५० ला चालू विभागांत मिळून १४०८ कोअर आणि किंमत २९९ डॉलर. थोरल्या ६९७० ला १५३६ आणि ३६९ डॉलर. लोकांच्या लक्षात आलं की थोरल्याचा बायोस, म्हणजे कार्डाला जागं करणारा प्रोग्राम, धाकट्यात भरला की झोपलेले कोअर डोळे चोळत उठतात. बायोस भरताना घोटाळा झाला तर कार्डाचा दगड होतो, ही एरवीची भीती. पण इथे कंपनीनेच कार्डाच्या कडेला एक नखाएवढं बटण दिलं होतं आणि त्याच्या आड दुसरा, सुरक्षित बायोस ठेवला होता. चोराला शिडी द्यायची आणि खाली गादीही घालून ठेवायची, याला मोठं मन लागतं.

२०१६ च्या आरएक्स ४८० ची तऱ्हा निराळी. ४ जीबीचं कार्ड १९९ डॉलरला, ८ जीबीचं २३९ ला. सुरुवातीच्या काही ४ जीबी कार्डांवर मेमरी चक्क आठच जीबी डकवलेली होती आणि निम्मी बायोसने पदराआड ठेवलेली. ज्यांनी ती बाहेर काढली त्यांना चाळीस डॉलर वाचल्याचा जो आनंद झाला, तो चाळीस डॉलर पगार वाढल्यावर होत नाही. पगार आपल्या कष्टाचा असतो. हा आनंद कंपनीच्या खिशातून परस्पर आलेला असतो. स्वस्त कार्ड घेणारा माणूस मुळात कार्ड घेतच नाही. तो, कारखान्यात कुणाच्या तरी हातून चुकून आपल्या डब्यात चांगला माल पडला असेल, ही आशा घेतो आणि वर कार्ड फुकट मिळतं. मला वाटतं कंपन्यांना हे आपल्याआधी कळलं होतं.

पुढे फ्यूज खरोखरचे जळायला लागले, बायोसवर सह्या आल्या, आणि हे दिवस सरले.

महाग घेणाऱ्यांची दुःखं वेगळी. २०१३ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने ९९९ डॉलरला जीटीएक्स टायटन विकलं. चिपमधले कोअर २८८०, टायटनमध्ये चालू २६८८. नाव टायटन, तेव्हा कमी-जास्त विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मे महिन्यात त्याच चिपचं जीटीएक्स ७८० आलं, २३०४ कोअर, ६४९ डॉलर. टायटनवाले जरा सावरून बसले. नोव्हेंबरात ७८० टीआय आलं, पूर्ण २८८० कोअर, ६९९ डॉलर. म्हणजे नऊ महिन्यांपूर्वी तीनशे डॉलर जास्त मोजून आपण अर्धवट चिप घेतली होती, हे टायटनवाल्यांना जगासमक्ष कळलं. मेमरी आमची जास्त आहे, असं ते बरेच दिवस म्हणत राहिले, आणि ते खरंही होतं. पुढच्या फेब्रुवारीत पूर्ण कोअरांचं टायटन ब्लॅक आलं, किंमत पुन्हा ९९९. तेही लोकांनी घेतलं.

मला स्वतःला या कापाकापीत पाप दिसत नाही. साध्या ४०७० च्या खोक्यावर ५८८८ कोअर लिहिलेत, आत ५८८८ चालतात, हिशेब मिटला. बंद पडलेल्यांवर माझा हक्क असता तर वाण्याकडे मी फोडलेल्या पोत्यातल्या उरलेल्या साखरेवरही सांगितला असता. पाप सुरू होतं ते खोक्यावरचा शब्द तोच ठेवून आतला माल हलका झाला की.

जीटीएक्स ९७० हे त्याचं आदर्श उदाहरण. २०१४ च्या सप्टेंबरात आलं, ३२९ डॉलर, सोळापैकी तेरा विभाग चालू, मेमरी ४ जीबी. लोकांनी डोक्यावर घेतलं. २०१५ च्या जानेवारीत बोंब झाली की शेवटची अर्धी जीबी वापरायला गेलं की कार्ड रखडतं. चिपचा जो भाग कापला त्याच्याबरोबर मेमरीकडे जाणारी एक वाटही अरुंद झाली होती. साडेतीन जीबी हमरस्त्यावर आणि अर्धी जीबी बोळात. शिवाय छापील माहितीत चित्र पडद्यासाठी उतरवणारे आरओपी ६४ सांगितले ते ५६ निघाले आणि २ एमबी कॅश निघाली पावणेदोन. कंपनीचं म्हणणं, आमच्या इंजिनीअरांचं आणि जाहिरातवाल्यांचं आपसात बोलणं नीट झालं नव्हतं. आपसात बोलणं झालं नाही की आपल्याकडे लग्नात जेवण कमी पडतं, तिकडे अर्धी जीबी.

पण खरी बहार कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांच्या पत्राने आणली. त्यांचा सूर असा होता की, अहो, एवढं कापल्यावर एरवी तीनच जीबी उरली असती, आम्ही नवी युक्ती लढवून चार केली, याचं तुम्हाला कौतुक वाटायला हवं होतं आणि तुम्ही हिरमुसलात! यापुढे असं होऊ देणार नाही, असंही त्यांनी लिहिलं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते कौतुकच. अमेरिकेत दावा झाला आणि २०१६ मध्ये दर कार्डामागे तीस डॉलर देऊन तो मिटला. ज्यांचं कार्ड त्या अर्ध्या जीबीपर्यंत कधी पोहोचलंच नव्हतं, त्यांनीही तीस डॉलर घेतले.

२०१८ चं जीटी १०३० तर गुपचूप झालं. नाव तेच, फक्त वेगवान मेमरीऐवजी साधी डीडीआर४ आली आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ वर बसला. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असे. चष्मा नेला असेल तर दिसे.

२०२२ मध्ये ४०८० या एकाच नावाने दोन कार्डं जाहीर झाली, १६ जीबी आणि १२ जीबी. बिचाऱ्या गिऱ्हाइकाला वाटावं की फरक मेमरीचा. प्रत्यक्षात चिपच निराळ्या, थोरल्यात ९७२८ कोअर, धाकट्यात ७६८०. आरडाओरडा एवढा झाला की १४ ऑक्टोबरला कंपनीने १२ जीबीवालं कार्ड बाजारात येण्याआधीच मागे घेतलं. २०२३ च्या जानेवारीत तेच ४०७० टीआय या नावाने आलं, ८९९ च्या जागी ७९९ डॉलरला. निव्वळ नाव उतरल्याने शंभर डॉलर उतरले. कोअर ७६८० चे ७६८०, एकालाही धक्का नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनसाठी ४०९० डी निघालं, त्यात आणखी विभाग बंद, कोअर १४५९२. ते कणापायी किंवा दरपत्रकापायी बंद झाले नव्हते. वॉशिंग्टनच्या निर्यातबंदीच्या नियमात बसावं म्हणून बंद केले होते. चिप बिघडायला आता परराष्ट्र धोरणही पुरतं.

आणि २०२५ मध्ये तर कापणाऱ्यांचाच हात घसरला. जानेवारीत १९९९ डॉलरचं आरटीएक्स ५०९० आलं, खोक्यावर आरओपी १७६. फेब्रुवारीत काहींच्या कार्डात ते १६८ च भरले. आठ गायब! कंपनीने कबूल केलं की ५०९०, ५०९० डी आणि ५०७० टीआय यांच्यात मिळून अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत असं झालंय, वेगात सरासरी चार टक्के फरक पडतो, ज्यांचं असेल त्यांनी बदलून घ्यावं. इतकी वर्षं लोक स्वस्त कार्डात चुकून आलेले जास्तीचे विभाग शोधत होते. आता दोन हजार डॉलर मोजलेली माणसं फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून आपले आरओपी मोजत बसली.

भाच्यानेही मोजले. त्याच्या कार्डाचा त्या यादीशी काडीचा संबंध नव्हता, तरी अर्धी रात्र जागून त्याने सगळे आकडे तपासले. सकाळी चहाला आला तो पडलेला चेहरा घेऊन.

"का रे, कमी निघाले का?" मी विचारलं.

"नाही मामा, छापलेत तेवढेच आहेत." त्याने बशीत चहा ओतला. "एकसुद्धा जास्त नाही."